स्वस्त काडतुसांची बाजू

काडतुसांच्या कोठारात काम करत होतो असं सांगितलं की समोरचा माणूस खुर्ची थोडी मागे घेतो. मग मी लगेच पुढचं वाक्य सांगतो, की मी आयुष्यात पुठ्ठ्याशिवाय कशावरही गोळी झाडलेली नाही, आणि पुठ्ठ्यावरची नेमबाजीही सांगण्यासारखी नाही. तेव्हा तो खुर्ची पुन्हा पुढे घेतो आणि त्याचा माझ्यातला रस संपतो. खरं म्हणजे हे काम शिपाईगिरीपेक्षा तांदूळ निवडण्याच्या जास्त जवळचं आहे. दिवसभर मान खाली, डोळे बारीक, आणि शंभरात एखादा खडा लागला तर सगळ्या जेवणाला नावं.

आमच्या नेमबाजी क्लबात पॉइंट टू-टू रायफली होत्या. एनसीसीत गेलेल्या वाचकांना ठाऊक असतील. काडतूस जेमतेम करंगळीच्या पेराएवढं. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक टोपी असते, तिच्यावर पिन आपटली की ठिणगी पडते. या छोट्यात टोपी नसते. बुडाला पितळेचा जो काठ असतो, त्या पोकळ काठातच ठिणगीची दारू ओली असताना फिरवून बसवलेली असते. महाग काडतुसात ती काठभर सारखी पसरते. स्वस्तात कुठेतरी कोरी जागा राहून जाते. पिन नेमकी तिथे पडली की टक् एवढाच आवाज येतो. अशा वेळी रायफलीचं तोंड पुठ्ठ्यामागच्या मातीच्या बांधाकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, कारण काही गोळ्यांना उशिरा अक्कल येते. मग काडतूस काढायचं, थोडं फिरवून पुन्हा घालायचं. पिन दुसऱ्या जागी लागते आणि बहुतेक वेळा बार होतो. कोरी जागा हा स्वस्ताचा दोष, पण फिरवलं की निभतं. ही एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मी मूळचा कोकणातला, बेने इस्राएल ज्यू. मुंबईत एका रायफल क्लबाच्या कोठारात अकरा वर्षं काढली. १९६२च्या सुरुवातीस बायको फ्लोरा आणि मुलगी यांना घेऊन इस्राएलला आलो. पहिले काही महिने झाडं लावली. झाडांनी माझ्याकडून फारशी अपेक्षा ठेवली नाही. मग रामल्यात घर मिळालं, आणि कुणाच्या तरी ओळखीने तिथल्या नेमबाजी क्लबाचं कोठार.

क्लब म्हणजे संत्र्यांच्या बागेमागे पत्र्याचं एक लांबट शेड, समोर पन्नास मीटर मोकळी जागा आणि तिच्या टोकाला मातीचा बांध. सभासद सिमेंटच्या कारखान्यातले, रेल्वेतले, दोन मास्तर, एक दातांचा डॉक्टर. डॉक्टरांचा प्रत्येक चुकलेला नेम काडतुसाच्या माथी असे. एकदा मी त्यांना म्हणालो, "डॉक्टर, गोळी डावीकडे जाते म्हणता, पण तुमच्या आधी याच पेटीतल्या गोळ्या सासोनने मधोमध मारल्या." ते म्हणाले, "सासोन बस चालवतो. त्याला डावी-उजवी सारखीच." सासोन हा बगदादकडचा, जाडजूड, हसरा ड्रायव्हर. त्याच्यासारख्यांसाठीच क्लब स्वस्त काडतुसं घेत असे. महाग काडतुसं आली असती तर सासोन आणि कारखान्यातली निम्मी मंडळी शुक्रवारी दुपारी घरी बसली असती.

हे सगळं ज्यांच्या हाती, ते सेक्रेटरी झेलिग. उंच, सुकलेले, कोटाला नेहमी बिल्ला. त्यांनी क्लबात काचेचं एक कपाट आणवलं होतं, चषक ठेवायला. चषक नव्हते. वर्षभर त्या कपाटात झेलिगसाहेबांची टोपी असायची. सत्काराचं कारण सापडलं नाही तर ते भाषणातच एखादं तयार करत. मी मुंबईत इंग्रजांचे समारंभ पाहिलेले. इंग्रज निदान भाषण घड्याळ पाहून संपवत.

त्या क्लबात माझा मान होता, हे मला आज म्हटलंच पाहिजे. मी काडतुसं हाताने निवडत असे. सोनाराचा छोटा तराजू होता, त्यावर एकेक तोलून वजनाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत ठेवायची, म्हणजे एका माणसाला एकाच वजनाची मिळतात आणि गोळ्या पुठ्ठ्यावर वरखाली पळत नाहीत. माल आला की मी पेट्या उघडायचो, तेलात भिजवून पिळलेल्या फडक्याने प्रत्येक काडतूस पुसायचो आणि परत ठेवायचो. मुंबईत पावसाळ्यात पितळेला हिरवा गंज चढतो, म्हणून तिथे हे करावंच लागे. इथेही तेच केलं. पितळ असं चमके की सासोन म्हणायचा, "ही मारायची की बायकोच्या कानात घालायची?" १९६३च्या सुरुवातीला वर्षभर पुरेल एवढा स्वस्त माल एकदम आला. एक आठवडा बसून मी सगळा पुसून काढला आणि पत्र्याखालच्या फळ्यांवर रचला.

त्याच उन्हाळ्यात हस्केल आला.

हस्केल म्हणजे फ्लोराचा धाकटा भाऊ. आधी हैफाच्या बंदरात फिटर होता. बहिणीजवळ राहावं म्हणून रामल्याला आला, आणि फ्लोराने मला सांगितलं, "अहो, तुमच्या क्लबात रायफली दुरुस्त करायला माणूस नाही ना? मग विचारा की." मी विचारलं. झेलिगनी ठेवून घेतलं. ज्याने स्वतःच्या हाताने दार उघडून दिलं, त्याला नंतर वाऱ्याबद्दल तक्रार करता येत नाही. तरी मी केली, मनातल्या मनात, वर्षभर.

कारण हस्केल सगळ्यांना आवडला. मला सहा महिन्यांत जेवढं हिब्रू आलं तेवढं त्याला आठ दिवसांत आलं असावं. मी बोललो की समोरचा माणूस चेहरा धीराचा करायचा. हस्केल बोलला की तोच माणूस हसायचा. माझी मुलगी माझ्या मराठीला हिब्रूत उत्तर द्यायची, दोन शब्दांत. मामाशी तासभर हिब्रूत गप्पा. काय बोलता विचारलं तर म्हणायची, "क्लूम, आबा." काही नाही, बाबा.

मग त्याने ती पट्टी बनवली. पोलादाची, वीतभर, तिच्यात एकाहून एक किंचित रुंद अशा पाच खाचा. काडतुसाचा काठ कुठल्या खाचेत बसतो ते पाहायचं आणि जाडीप्रमाणे वेगळं करायचं. काठ सारखा तर पिनेचा मार सारखा. माझ्या तराजूला अख्खी सकाळ लागे ते काम पट्टीने तासाभरात, आणि, हे लिहिताना आजही पेन अडखळतं, जास्त चांगलं होई. सासोनच्या दहा गोळ्या एका शुक्रवारी एका नाण्याखाली झाकतील अशा बसल्या. तो पुठ्ठा हातात घेऊन माझ्यासमोरून हस्केलकडे गेला.

"भावोजींनी तोललेलीच होती ती," हस्केल म्हणाला. "मी फक्त काठ पाहिला."

तो असं नेहमीच म्हणे. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, लोकही साथ देतात. हस्केलने मला तेवढीही सोय ठेवली नव्हती.

त्याला रामल्यातच घर मिळालं तेव्हा फ्लोराने आमच्याकडे मलिदा केला. नवस फेडायला आमच्यात एलियाहू हनाबीच्या नावाने करतात, पोहे, खोबरं, साखर, वर फळं. पोहे मुंबईहून पार्सलने आलेले, तिने वर्षभर जपून ठेवलेले. माझी क्लबातली नोकरी कायम झाली तेव्हा ते डब्यातच राहिले होते. ताट हातात आल्यावर मी बराच वेळ पोह्यांकडे पाहत बसलो असेन. पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला काय झालंय ते मला कळत नाही असं समजू नका."

"काय झालंय?"

"माझा भाऊ आहे तो. तुमचा हुद्दा खायला आलेला नाही."

"हुद्दा कसला? मी काय तिथे कलेक्टर आहे?"

"तेच म्हणते," फ्लोरा म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.

१९६४च्या वसंतात गोळ्या फुसक्या निघायला लागल्या. एखाददुसरी नव्हे. एकेका माणसाच्या वाट्याला चार-पाच. शेडमध्ये नुसतं टक्, मग अर्धा मिनिट शांतता, मग कुणाची तरी शिवी, पाच-सहा भाषांतली. दातांच्या डॉक्टरांना आयुष्यात पहिल्यांदा काडतुसाला दोष देण्याचं खरं कारण मिळालं आणि ते तरुण दिसू लागले.

झेलिगसाहेबांनी संधी सोडली नाही. कुठल्याशा पाहुण्याने त्यांना परदेशी काडतुसांची नमुना-पेटी दिली होती. आत मखमल, झाकणावर सोनेरी अक्षरं. ती त्यांनी काचेच्या कपाटात ठेवली, टोपीशेजारी. मग कमिटीत ठराव आणला की यापुढे हीच घ्यायची, परवडतील ते सभासद राहतील, थोडे पण निवडक. 'निवडक' म्हणताना त्यांनी बिल्ला सरळ केला.

त्या बैठकीत हस्केल उभा राहिला. म्हणाला, काडतुसं वाईट नाहीत, आपण नीट तपासून पाहू. सासोन वगैरे मंडळी मागच्या बाकावर टोप्या हातात घेऊन बसली होती. झेलिगनी माझ्याकडे पाहिलं. "कोठार यांच्याकडे आहे. अकरा वर्षांचा अनुभव. यांचं मत काय?"

माझं मत मला माहीत होतं. ती काडतुसं माझ्या हातातून गेली होती, हजारोंनी. स्वस्त होती, पण वाईट नव्हती. हस्केल बोलला नसता तर मी तेच बोललो असतो, कदाचित जास्त ठासून. पण तो आधी बोलला होता. मी आता तेच म्हटलं तर मी त्याच्यामागून मान डोलावणारा. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी त्याला बाजूला ठेवून मला विचारलं होतं.

मी म्हणालो, "माल वाईट आहे. स्वस्त तो स्वस्तच."

सासोन माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नव्हे. बसमध्ये सुटे पैसे नसलेल्या ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसा. हस्केलने तरीही हट्ट धरला, आणि ठरलं, पुढच्या शुक्रवारी सगळ्यांसमोर चाचणी घ्यायची. एक पन्नासाची पेटी माझ्या फळीवरची. दुसरी त्याच मालाची, पण न उघडलेल्या खोक्यातली. पुन्हा त्याच कारखान्याचा माल मागवला होता, तो आदल्याच आठवड्यात आला होता आणि मला पुसायला वेळ झाला नव्हता.

गुरुवारी दुपारी हस्केल कोठारात आला. हातात कागदाची पुडी. पुडीत त्याने शेडमधून गोळा केलेली फुसकी काडतुसं. प्रत्येकाच्या काठावर पिनेचे तीन-तीन ठसे.

"भावोजी, बसा जरा."

"बसलोच आहे."

"ही फिरवून पुन्हा मारली. पुन्हा फिरवून तिसऱ्यांदा मारली. एकही उडालं नाही. कोरी जागा असती तर दुसऱ्या फटक्याला उडालं असतं ना?"

तीन ठसे मलाही दिसले होते, गेले दोन महिने. जे दिसतं त्याचा अर्थ लावायचा नाही असं ठरवलं की माणूस बराच काळ निभावतो.

त्याने पक्कडीने एक काडतूस वाकवून गोळी वेगळी केली आणि आतली दारू कागदावर पाडली. ती कोरड्या रव्यासारखी सुटी पडायला हवी. तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. त्याने एक गुठळी बोटांत चुरून माझ्या नाकाजवळ धरली. वास ओळखायला मला वेळ लागलाच नाही. माझ्याच फडक्याचा वास होता.

"तुम्ही तेलाने पुसता ना सगळी?"

"मुंबईत अकरा वर्षं पुसली. एक फुसकी निघाली नाही तेलाने."

"मुंबईत किती दिवसांत संपायची?"

पंधरा दिवसांत. तिथे पंधरा दिवसांत पेट्या संपायच्या, सभासद श्रीमंत होते, मारायचे भरपूर. इथे वर्ष-वर्ष फळीवर पडून राहिली, वर तापलेला पत्रा. उन्हाने तेल आणखी पातळ झालं आणि गोळी पितळेत जिथे बसते तिथून आत झिरपलं. मी ज्या गंजापासून त्यांना वाचवत होतो तो रामल्यात नव्हताच. इथली हवा ओठ फुटतील इतकी कोरडी. हिरव्या गंजाला घाबरून मी एक अख्खं कोठार मारून ठेवलं होतं. अशी चूक आळशी माणसाच्या हातून होत नाही. तिच्यासाठी आठवडाभर बसून मेहनत करावी लागते, आणि मुंबईहून यावं लागतं.

"उद्या तुमच्या पेटीतली उडणार नाहीत, नव्या खोक्यातली उडतील," हस्केल म्हणाला. "मग विचारतील की फरक कशाचा. मी सांगेन उन्हाळा. पत्रा तापतो, जुना माल खराब झाला. ते खोटंही नाही."

"आणि तेल?"

"तेलाचं कोण विचारतंय? मी या पुडीबद्दल कुणाला बोललो नाही. बायलाही नाही." फ्लोराला तो बाय म्हणे. मग तो पुडी माझ्या टेबलावर ठेवून गेला. पुरावा माझ्याच हाती देऊन गेला, म्हणजे मला त्याची भीती वाटू नये. मला तेव्हा त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल.

शुक्रवारी झेलिगसाहेबांनी खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या, टेबलावर पांढरी चादर, आणि नगरपालिकेतले एक गृहस्थ पाहुणे म्हणून आणले होते. गृहस्थांनी दोनदा विचारलं की कार्यक्रम सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आधी आटपेल ना. सासोनला मारायला बसवलं, कारण त्याच्या हातावर कुणाचाही अविश्वास नव्हता.

आधी माझी पेटी. सुरुवातीच्या काही उडाल्या आणि मला वेडी आशा वाटली. मग टक्. अर्धा मिनिट. फिरवून पुन्हा टक्. पन्नासातली अकरा मेली, आणि मेलेली एकही दुसऱ्या फटक्याला जिवंत झाली नाही. झेलिग समाधानाने वहीत लिहीत होते. मग नवं खोकं फोडलं. पितळ मळकट, माझ्या हाताची चमक नसलेलं. बार, बार, बार. एकच टक् आलं, आणि तेही सासोनने फिरवून घातलं तर उडालं.

मागच्या बाकांवर टाळ्या वाजल्या. झेलिगसाहेबांची वही हातातच राहिली. मग ते म्हणाले, "पण याने काय सिद्ध झालं? आज नवा माल उडाला. सहा महिन्यांनी तोही असाच होईल. एकच कारखाना, एकच काडतूस. दर वर्षी अर्धं फेकून द्यायचं का?"

टाळ्या थांबल्या. मुद्दा बरोबर होता. पोकळ माणूसही कधी कधी बरोबर बोलतो, त्याची शिक्षा म्हणून आपल्याला ते ऐकावं लागतं.

हस्केल उठला. "उन्हाळ्यामुळे," तो म्हणाला. "पत्रा तापतो..."

"मग पुढच्या वर्षी उन्हाळा नाही?" झेलिग म्हणाले.

हस्केल माझ्याकडे न पाहता खाली बसला. त्याच्याकडे खरं उत्तर होतं, आणि ते न देता तो सगळ्यांसमोर मूर्ख ठरत होता. वर्षभर मी याच क्षणाची वाट पाहिली होती, की हस्केलला उत्तर सुचू नये. तो क्षण आला आणि तोसुद्धा त्याने माझ्यासाठीच आणला होता. सासोन रायफल मांडीवर ठेवून तोंड पाडून बसला होता. पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी सासोन दिसत नव्हता. मला एवढंच दिसत होतं की आज मी गप्प राहिलो तर उरलेलं आयुष्य रोज या माणसाच्या उपकाराखाली जेवायचं, आणि तो कधी बोलून दाखवणार नाही.

मी उभा राहिलो. माझ्या मोडक्या हिब्रूत सांगितलं की काडतुसात दोष नाही. ती मी तेलाने पुसली. तेल आत गेलं. नव्या मालाला तेल लागलेलं नाही आणि लागणारही नाही, म्हणून तो टिकेल. मागच्या बैठकीत मी माल वाईट म्हणालो तेही खोटं होतं, मला तेव्हाही माल चांगला आहे हे माहीत होतं. खिशातून पुडी काढून मी ती पांढऱ्या चादरीवर ठेवली. व्याकरणाच्या चुका बऱ्याच झाल्या असतील. कुणी चेहरा धीराचा केला नाही.

ठराव पडला. स्वस्त काडतुसं राहिली, सासोन राहिला. नगरपालिकेतल्या गृहस्थांनी जाताना माझा हात हातात घेऊन प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगितले. पुढे अनेक वर्षं लोक तो प्रसंग माझ्या प्रामाणिकपणाचा म्हणून सांगत आले. मी ते ऐकून घेत आलो. सासोन मात्र माझ्या खांद्यावर जड हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला आणि बसच्या वेळेला गेला.

घरी परतताना हस्केल आणि मी बागेच्या कडेने चाललो होतो.

"भावोजी, गरज नव्हती. मी काहीतरी जुळवलं असतं."

"म्हणूनच बोललो," मी म्हणालो.

तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं असं मला वाटलं, आणि कळूनही तो चिडला नाही, हे मला त्या दिवशीचं सगळ्यात कठीण गेलं.

कोठाराची किल्ली अर्थातच त्याच्याकडे गेली. मला काढलं नाही. काडतुसं निवडायला ठेवलं, त्याच्या हाताखाली, त्याच्या पट्टीने. पण शुक्रवारी सकाळी किल्ली खिशात असूनही तो दार उघडत नसे. मी येईपर्यंत बाहेर उभा राहायचा, आणि मी आलो की किल्ली माझ्या हातात द्यायचा, जणू काही बदललंच नाही. उन्हाळ्यात त्या शेडपुढे सावलीचा तुकडाही नव्हता. मी घरून वेळेवर निघायचो. कोपऱ्यावरच्या किऑस्कपाशी थांबून एक सोडा घ्यायचो, वर्तमानपत्राचे मथळे वाचायचो, न समजणारेसुद्धा, आणि दहा-पंधरा मिनिटं उशिरा पोचायचो. पूर्ण दोन उन्हाळे. तो घाम पुसत म्हणायचा, "या भावोजी." हे मी फ्लोराला कधी सांगितलेलं नाही. तिला मराठी अजून माझ्यापेक्षा चांगलं वाचता येतं, तेव्हा हे ज्यात छापून येईल तो अंक घरी आला की कळेलच.